जुन्या ट्रकचे मागचे ब्रेक कमी कां लागतात ?

पेंच कालव्याखालीं धान, उंचवट्याच्या काळ्या जमिनींत कापूस, सोयाबीन व तूर, आणि मधून मधून संत्र्याच्या बागा, अशीं आमच्या कामठी तहसिलींतील पिकें आहेत. माल निघाला म्हणजे तो नागपुरास कळमन्याच्या बाजारांत न्यावा लागतो, आणि दर हंगामीं भाड्याच्या गाडीवर विसंबणें नको म्हणून पुष्कळ कास्तकार एखादा जुना लहान ट्रक विकत घेऊन ठेवतात. १९८६ सालीं निघालेल्या टाटा ४०७ च्या जातीचे असे ट्रक या कामीं पुष्कळ वापरले जातात. जुना ट्रक बाळगण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. परंतु आमच्या असें पाहण्यांत येतें कीं, इंजिनाची जितकी काळजी घेतली जाते तिच्या चौथाईनेंही ब्रेकची घेतली जात नाहीं. इंजिन बिघडलें तर गाडी जागची हलत नाहीं, तेव्हां मालकास दखल घ्यावीच लागते; ब्रेक बिघडला तरी गाडी चालतेच, ती थांबत नाहीं इतकेंच.

त्यांतही मागच्या चाकांचे ब्रेक एकाएकीं जात नाहींत. ते हळूहळू मंदावतात, आणि चालविणाऱ्याचा पायही तितकाच हळूहळू त्यास सरावतो. पुढें कित्येक महिने पुढच्या चाकांवरच सर्व काम चालतें व तें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. प्रस्तुत लेखांत तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ड्रम ब्रेकचाच विचार केला आहे; मोठ्या ट्रकांच्या हवेच्या ब्रेकांची रचना निराळी असते.

नुकसान किती तें आंकड्यांनीं पाहूं. ब्रेक चांगले असलेली गाडी कोरड्या रस्त्यावर दर सेकंदास सुमारें ५ मीटर प्रमाणें आपला वेग कमी करूं शकते असें धरलें, तर ताशीं ६० किलोमीटर वेगांतून थांबावयास तिला सुमारें २८ मीटर लागतील. हेंच प्रमाण ३ मीटरवर आलें तर ४६ मीटर लागतील. शिवाय धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तरी गाडी १६-१७ मीटर पुढें सरकलेली असते, तें अंतर निराळेंच. म्हणजे चांगल्या ब्रेकची गाडी थांबून उभी राहिली असती त्या जागीं मंद ब्रेकची गाडी अजून चांगल्या वेगांत असते. ऑटोमोटिव्ह चौकाकडील गर्दींत किंवा सिवनीच्या वाटेवर कुरईचा घाट उतरतांना या १८ मीटरांचा अर्थ काय होतो, तें निराळें सांगावयास नको. आणि पोत्यांवर मजूर बसवून नेण्याची आपल्याकडील वाईट चाल अद्यापि सुटलेली नाहीं, हेंही येथें लक्षांत घ्यावें.

मागच्याच ब्रेकचें एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. भरलेल्या ट्रकचें ओझें मुख्यतः मागच्या आंसावर असतें. सरकारनें २०१८ सालीं दोन आंसांच्या मोठ्या ट्रकास १८.५ टन एकूण वजनाची मर्यादा ठरविली, तींतील ११.५ टन मागच्या आंसास व ७ टन पुढच्या आंसास दिले आहेत. लहान ट्रकांतही वांटणी साधारण याच धोरणाची असते. चाकावर जितकें ओझें तितकी त्याची रस्त्यावरची पकड. तेव्हां भरल्या गाडीस थांबविण्याचें मोठें सामर्थ्य मागच्या चाकांतच असतें, आणि तेंच निजलेलें असलें तर पुढच्या ब्रेकांनीं कितीही धडपड केली तरी ती अपुरीच पडते.

रचना थोडक्यांत अशी. चाकाबरोबर फिरणारें बिडाचें भांडें म्हणजे ड्रम. त्याच्या आंत दोन अर्धगोल शू असतात व त्यांवर घर्षणाची पट्टी बसविलेली असते. तिलाच मिस्त्री लोक लायनर म्हणतात. पेडल दाबलें कीं मास्टर सिलेंडरांतील तेल नळ्यांवाटे व्हील सिलेंडरांत जातें, तेथील दट्टे शूंना बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमच्या आंतल्या अंगास घासतो.

दोष कोठें आहे हें ड्रम खोलण्यापूर्वींच पुष्कळसें कळतें, आणि तें पायानेंच कळतें. पेडल पहिल्या दाबास खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या दाबास वर येत असेल, तर लायनर व ड्रम यांत अंतर फार पडलें आहे असें समजावें. पेडल रबरी चेंडूसारखें दबत असेल तर नळ्यांत हवा शिरली आहे. पाय स्थिर ठेवला असतां पेडल सावकाश खालीं बसत असेल तर तेल कोठें तरी गळत आहे, किंवा मास्टर सिलेंडरांतील रबरी वाट्या झिजल्या आहेत. आणि पेडल दगडासारखें कठीण असून गाडी थांबत नसेल, तर बूस्टर निकामी आहे किंवा लायनर गुळगुळीत वा तेलकट झाले आहेत. बूस्टरची परीक्षा सोपी आहे: इंजिन बंद ठेवून पेडल कठीण होईपर्यंत पांच-सहा वेळां दाबावें, मग तें दाबून धरून इंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं गेलें तर बूस्टर ठीक आहे.

यानंतर हातब्रेकची परीक्षा करावी. ज्या गाडीचा हातब्रेक तारेनें मागच्याच शूंना ओढतो, तींत ही परीक्षा फार उपयोगी पडते, कारण तींत तेलाचा संबंध येत नाहीं. तार योग्य ताणलेली असून हातब्रेक गाडीस चांगला धरतो, पण पायाचा ब्रेक मागें लागत नाहीं, असें असेल तर दोष तेलाच्या बाजूस, म्हणजे नळी, रबरी होज, व्हील सिलेंडर किंवा दाब वांटणाऱ्या झडपेंत शोधावा. दोन्ही ब्रेक धरीत नसतील तर दोष ड्रमच्या आंत आहे. एवढी एक परीक्षा केल्यानें निष्कारण बदललेल्या सुट्या भागांचा खर्च बहुधा वांचतो.

ड्रम खोलतांना गाडी सपाट व टणक जमिनीवर घ्यावी, पुढच्या चाकांस दोन्हीं अंगांनीं गुटके लावावे, हातब्रेक सोडावा, आणि केवळ जॅकवर न ठेवतां आंसाखालीं भक्कम घोडी द्यावी. आंतील धूळ तोंडानें किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये. जुन्या लायनरांत ॲसबेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी व तें फडकें टाकून द्यावें.

आंत ओलावा दिसला तर तो कशाचा हें आधीं ठरवावें. बोटभर द्रव पाण्याच्या पेल्यांत टाकून पाहावा. नेहमींच्या वापरांतील ब्रेक ऑइल पाण्यांत मिसळून जातें; आंसांतील गिअर ऑइल वर तरंगतें, शिवाय तें दाट असून त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलेंडर गळतो आहे. गिअर ऑइल असेल तर हबची ऑइल सील गेली आहे, आणि आमच्या भागांत हाच प्रकार फार.

या संबंधांत एका कास्तकार बंधूंच्या ट्रकाची हकीकत सांगण्याजोगी आहे. उजव्या मागच्या चाकाचे लायनर एका वर्षांत दोनदां बदलले होते, एकदां सीलही नवी घातली होती, आणि तरी धानाच्या हंगामांत ब्रेक पुन्हां मंदावला. ड्रम उघडला तों लायनर तेलानें काळेभोर. सील नवी असतां तेल बाहेर कां यावें ? आंसाच्या नळकांड्यावर वरच्या बाजूस एक लहानसें टोपण असतें, त्यास ब्रीदर म्हणतात. आंसांतील तेल चालतांना तापतें, आंतील हवा फुगते व ती या छिद्रावाटे बाहेर पडते. बांधींतील चिखल त्यावर बसून वाळला होता आणि छिद्र पार बुजलें होतें. हवेस वाट न मिळाल्यानें ती सीलच्या कडेवरून तेल ढकलीत बाहेर पडत होती. चिखल काढला, नवी सील घातली, तेल भरणीच्या भोंकाच्या खालच्या कडेइतकेंच ठेवलें, आणि लायनर दोन्हीं चाकांचे बदलले. त्यानंतर त्या चाकांत तेल आलें नाहीं. ब्रीदर साफ करावयास तारेचा तुकडा व पांच मिनिटें पुरतात. ज्यांचा ट्रक बांधावरून शेतांत उतरतो त्यांनीं धानकापणी संपतांच हें काम करावें.

तेल प्यालेला लायनर पेट्रोलनें धुवून किंवा दिव्यावर जाळून पुन्हां बसविण्याची एक रीत आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. वरचें तेल जातें, आंतलें राहतें, आणि घाटांत ड्रम तापला कीं तेंच वर येतें. लायनर एका चाकाचे बदलूं नयेत, आंसाच्या दोन्हीं चाकांचे बदलावे. नाहीं तर गाडी एकीकडे ओढूं लागते.

कोरडा पण काचेसारखा चकाकणारा लायनर जाडीनें पुरेसा असल्यास सँडपेपरनें ओल्यानेंच घासून घ्यावा. ड्रमवर त्याच्या कमाल व्यासाचा आंकडा बहुधा ओतलेला असतो. तो ओलांडलेला ड्रम पुन्हां पुन्हां लेथवर चढवूं नये. नवा लायनर मोठ्या झालेल्या ड्रमांत मध्यावरच टेकतो, आणि मग "नवे लायनर घातले तरी ब्रेक लागत नाहीं" अशी तक्रार ऐकूं येते. लायनरवर खडू चोळून ड्रम चढवावा, हातब्रेक हलका लावून चाक फिरवावें, व पुन्हां काढून पाहावें. खडू कोठें पुसला गेला त्यावरून टेकण कळते.

आतां एका अशा दोषाविषयीं, जो मालक स्वतःच विकत घेतो. कांहीं ट्रकांत मागच्या ब्रेकचा दाब ओझ्याप्रमाणें कमीजास्त करणारी एक झडप चेसिसवर असते व ती एका दांडीनें आंसास जोडलेली असते. ओझें पडून चेसिस खालीं बसली कीं दांडी झडपेस कळविते आणि मागें दाब वाढतो. आपल्याकडे माल जास्त भरतां यावा म्हणून मागें एक-दोन पाटे वाढविण्याची रीत आहे. पाटे वाढले कीं चेसिस तितकी बसत नाहीं; झडप गाडी रिकामी आहे असें समजते; आणि सर्वांत जास्त ओझें असतां सर्वांत कमी ब्रेक लागतो. वाढविलेले पाटे काढावे, किंवा निर्मात्याच्या पुस्तकाप्रमाणें दांडीची जुळणी जाणत्याकडून करून घ्यावी. दांडी तुटलेली असल्यास ती तारेनें बांधून चालवूं नये.

ब्रेक ऑइलाविषयीं थोडें. तें हवेंतील ओलावा शोषतें, आणि ओलावा शिरला कीं त्याचा उत्कलनबिंदु उतरतो. डॉट ३ जातीचें नवें तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळतां कामा नये असा नियम आहे. ओलावा शिरलेल्या त्याच तेलास ही मर्यादा १४० अंशच आहे. घाटांत तापलेल्या चाकाजवळ तें उकळलें तर नळींत वाफ होते व पेडल थेट खालीं जातें. म्हणून दोन वर्षांनीं तेल बदलावें. इंजिनचें किंवा दुसरें खनिज तेल एक थेंबही त्यांत पडूं देऊं नये, रबरी वाट्या फुगून सर्व यंत्रणा बदलण्याची पाळी येते.

सर्व बसवून झाल्यावर ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळावा, पेडल एकदोनदां दाबून शू मध्यावर आणावे, मग चाक किंचित् घासत पण मोकळें फिरेल इतका तो सोडावा. दोन्हीं बाजूंस जुळणी सारखी असावी. हवा काढावयाची ती मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून काढावी. त्या वेळीं भांड्यांतील तेल तळास जाऊं देऊं नये. नंतर रिकाम्या सडकेवर ताशीं २० किलोमीटरवर ब्रेक लावून पाहावा, गाडी सरळ थांबते कीं नाहीं तें बघावें, आणि चार-पांच किलोमीटर बेतानें ब्रेक लावीत चालवून उतरतांच मागच्या दोन्हीं ड्रमांजवळ हात नेऊन पाहावा. एक गरम व दुसरा थंड असेल तर थंड चाकाचें काम अजून राहिलें आहे. नवे लायनर दोनएकशें किलोमीटर चालून घासून बसल्यावर जुळणी पुन्हां एकदां करावी, आणि तोंपर्यंत पूर्ण भरती घेऊन घाटांत जाऊं नये.