कोरेगावच्या स्तंभावरील नावे

31 डिसेंबरच्या रात्री कुर्ल्यातून भीमा कोरेगावला माणसे निघतात. कुणी नेहरूनगर आगारातून एस.टी.ने, कुणी वस्तीने मिळून केलेल्या गाडीने. पहाटे पेरणे फाट्याला उतरायचे, रांगेत उभे राहायचे, मानवंदना द्यायची आणि परतायचे. प्रस्तुत लेखक गेली कित्येक वर्षे असाच जाऊन आला. एका वर्षी सोबतच्या भाच्याने स्तंभाकडे बोट दाखवून विचारले, "मामा, यातली किती नावे आपली?" मला सांगता आले नाही. बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यांचे आकडे जुळविणाऱ्या माणसाला आपल्याच खात्याची बेरीज ठाऊक नव्हती. त्यानंतर जे वाचले ते विद्यार्थी मित्रांसाठी येथे मांडीत आहे.

प्रथम लढाई. कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील कंपनी सरकारची तुकडी 31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरहून निघाली आणि रात्रभर चालून सकाळी कोरेगावला पोहोचली. भीमेपलीकडे दुसऱ्या बाजीरावाची फौज होती. तुकडीत मुंबईच्या पायदळाचे सुमारे 500 शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा व मद्रासचे गोलंदाज, असे एकूण आठशेच्या वर लोक होते. पेशव्यांची फौज 28 हजार सांगतात, परंतु गावावर प्रत्यक्ष चालून गेलेले सुमारे दोन हजार होते व त्यांत अरबांचा भरणा मोठा होता. दिवसभर गल्लीबोळांतून झुंज चालली. रात्रभर चालून आलेल्या शिपायांना पाणी मिळेना, कारण नदीची वाट शत्रूने रोखली होती. रात्री हल्ला थांबला, आणि जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्याने पेशवा निघून गेला. कंपनीकडील मृत, जखमी व बेपत्ता मिळून 275 भरले.

वक्तृत्व स्पर्धेत आपली मुले "500 महारांनी 28 हजारांना कापून काढले" असे बोलतात आणि टाळ्या पडतात. असे बोलू नये. पायदळात महारांची संख्या मोठी होती, पण मराठा, मुसलमान आदी शिपाईही त्यात होते. खोटा आकडा एकदा पकडला गेला की समोरचा माणूस आपला खरा आकडाही नाकारतो. 1 जानेवारी 2018 रोजी, द्विशताब्दीच्या दिवशी, तेथे हिंसाचार झाला व या इतिहासावर रणे माजली. तेव्हापासून तर हिशेब चोख हवा.

आणि खरा आकडा काही लहान नाही. 1821 साली पाया घातलेल्या या स्तंभावर कंपनीच्या 49 मृत सैनिकांची नावे आहेत. त्यांपैकी 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे, आणि तो प्रत्यय महारांच्याच नावाला लागे. सोमनाक कमळनाक, रायनाक येसनाक, असे मुलाचे आणि बापाचेही नाव दगडावर आहे. ज्या काळी या माणसांची सावलीही विटाळ मानली जाई, त्या काळचा हा दगड आहे.

हे केवढे मोठे, ते परदेशातील एका स्मारकाशी ताडून पाहावे. अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध चालू असता 1863 साली मॅसॅच्युसेट्स राज्याने 54 वी पलटण उभारली. शिपाई काळे, अधिकारी गोरे. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर आणि काळ्याला 10, त्यातूनही कपड्यांचे 3 कापून. या शिपायांनी अपुरा पगार घेण्याचेच नाकारले व वर्षभर बिनपगारी लढले. 18 जुलै 1863 रोजी वॅग्नर किल्ल्यावरील हल्ल्यात त्यांचा सेनानी रॉबर्ट शॉ पडला आणि त्याच्याबरोबर अनेक शिपाईही पडले. 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली. 1897 साली बोस्टन शहरात या पलटणीचे सुंदर शिल्प उभे राहिले, पण त्यावर नावे कोरली ती गोऱ्या अधिकाऱ्यांची. काळ्या शिपायांची नावे कोरली जायला 1982 साल उजाडले. पुढे 1998 मध्ये वॉशिंग्टन येथे अशा सैनिकांचे वेगळे स्मारक झाले, त्यावर दोन लाखांहून अधिक नावे आहेत.

म्हणजे आमच्या माणसांची नावे दीडशे वर्षे आधी लागली. पण नाव लागले म्हणून हक्क मिळाला नाही! 1892 च्या सुमारास त्याच सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली, गरज सरताच 1921 मध्ये मोडली.

स्तंभावरील मजकूर कंपनीच्या विजयाचा आहे, अस्पृश्यतेविषयी त्यात अक्षर नाही. तो अर्थ डॉ. बाबासाहेबांनी दिला. स्वतः सुभेदाराचे चिरंजीव. 1 जानेवारी 1927 रोजी ते येथे आले. त्याच वर्षी 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. सैन्याचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. त्यांच्या प्रयत्नांनी 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर हाच कोरेगावचा स्तंभ होता.

भाचा आता नोकरीला लागला आहे. यंदा त्याने वही बरोबर घेतली होती. गर्दीत रांग पुढे सरकत होती तरी त्याने अकरा नावे उतरवून घेतली, उरलेली पुढच्या वर्षी.