नोटेवरील सही

दहा रुपयांची एक नोट हातात घ्या आणि ती उलटी करा. मागच्या बाजूला एक लहानशी चौकट दिसेल. तिच्यात एकाखाली एक अशा पंधरा भाषांत नोटेची किंमत लिहिलेली आहे. आठवी ओळ मराठीची आणि सर्वांत शेवटची ओळ उर्दूची. तुमची घरातली भाषा आणि या पुस्तकातून तुम्ही शिकत असलेली भाषा, दोन्ही एकाच कागदावर आहेत.

आता नोट पुन्हा सुलटी करा. तेथे हिंदीत व इंग्रजीत एक वाक्य आहे. ही नोट ज्याच्याजवळ असेल त्याला दहा रुपये देण्याचे वचन त्यात दिले आहे. खाली सही आहे. ती राष्ट्रपतींची नाही, पंतप्रधानांचीही नाही. ती भारतीय रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची आहे. एक रुपयाची नोट तेवढी वेगळी. ती भारत सरकारची असते व तिच्यावर अर्थसचिवांची सही असते.

या वचनाचा अर्थ असा नव्हे, की रिझर्व्ह बँकेत नोट नेली तर बदल्यात सोने मिळेल. फार तर दुसरी नोट किंवा नाणी मिळतील. मग कागदाला किंमत कशामुळे येते? विश्वासामुळे. किराणा दुकानदार तुमची नोट घेतो, कारण उद्या घाऊक व्यापारीही ती घेईल याची त्याला खात्री असते. ही खात्री टिकवण्यासाठी बहुतेक देशांत एक मध्यवर्ती बँक असते. आपल्या देशात ते काम रिझर्व्ह बँक करते.

१९२६ साली हिल्टन यंग आयोगाने भारतासाठी अशी बँक असावी, अशी शिफारस केली. १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी कलकत्त्यात बँकेचे काम सुरू झाले. १९३७ मध्ये तिचे मुख्य कार्यालय मुंबईला आले, ते आजही तेथेच आहे. सुरुवातीला ही बँक खाजगी भागधारकांची होती. १ जानेवारी १९४९ रोजी ती सरकारच्या मालकीची झाली. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर आपल्या कोकणातले होते. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी झाला. १९४३ मध्ये ते गव्हर्नर झाले व पुढे देशाचे अर्थमंत्रीही झाले.

फाळणीनंतरही काही महिने, म्हणजे जून १९४८ अखेरपर्यंत, पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणून हीच बँक काम पाहत होती. भारतीय नोटांवरच 'हुकूमत-ए-पाकिस्तान' अशी अक्षरे उर्दूत छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. देश वेगळे झाले, तरी हिशेब वेगळे व्हायला वेळ लागतो!

रिझर्व्ह बँकेत तुम्हाआम्हाला खाते उघडता येत नाही. ती बँकांची बँक आहे आणि सरकारचीही बँक आहे. बँकांना परवाना देणे, त्यांचे हिशेब तपासणे, त्यांच्या ठेवींचा काही भाग आपल्याकडे राखून ठेवणे, अडचणीच्या वेळी त्यांना पैसा पुरवणे ही तिची कामे. मात्र सर्वांत अवघड काम निराळेच आहे. ते समजण्यासाठी एका प्रश्नाचा विचार करू. दरवर्षी वर्गात कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतोच: "सर, सरकारला पैशांची गरज आहे, तर भरपूर नोटा छापून गरिबांना का वाटत नाहीत?"

प्रश्न मुळीच बाळबोध नाही. समजा, एका गावच्या आठवडे बाजारात शंभर किलो कांदे आले आहेत आणि गावकऱ्यांजवळ मिळून दोन हजार रुपये आहेत. रातोरात प्रत्येकाच्या खिशातील पैसे दुप्पट झाले, तर कांदे दोनशे किलो होतील का? कांदे तेवढेच राहतील. भाव मात्र वाढतील. जर्मनीत १९२३ साली सरकारने बेसुमार नोटा छापल्या. त्या वर्षाच्या अखेरीस एका पावाची किंमत अब्जावधी मार्कांवर गेली. ज्यांनी जन्मभर काटकसर करून बचत केली होती, त्यांच्या बचतीत एक पावसुद्धा येईना. महागाई अशी बिनआवाजाची चोरी करते, आणि ज्याच्याकडे जमीन नाही, सोने नाही, फक्त रोजची मजुरी आहे, त्याच्या घरात ती आधी शिरते.

नोटा जपून छापल्या म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. आज देशातील बहुतेक पैसा नोटांच्या रूपात नसतोच. तो बँकांच्या खात्यांवरील आकड्यांच्या रूपात असतो. समजा, एका गृहस्थांनी बँकेत १०,००० रुपये ठेवले. त्यातील काही रक्कम बँकेला रिझर्व्ह बँकेकडे ठेवावी लागते आणि काही सरकारी रोख्यांत गुंतवावी लागते. उरलेल्यांतून बँकेने ७,५०० रुपये एका बाईंना शिलाई मशीनसाठी कर्ज दिले. बाईंनी ते मशीन विकणाऱ्याला दिले आणि त्याने आपल्या खात्यात भरले. आता त्या गृहस्थांच्या खात्यावर १०,००० आणि विक्रेत्याच्या खात्यावर ७,५०० अशी १७,५०० रुपयांची जमा दिसते. एकही नवी नोट न छापता पैसा वाढला!

म्हणून रिझर्व्ह बँक कर्जावर लक्ष ठेवते. बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसा लागला, की त्या सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून तो घेतात. त्यावरील व्याजाच्या दराला रेपो दर म्हणतात. हा दर वाढला, की बँकांचीही कर्जे महाग होतात. लोक कर्ज कमी काढतात, खरेदी कमी होते आणि भाव आवरतात. दर उतरला, की याच्या उलट घडते. यालाच पतधोरण म्हणतात.

२०१६ पासून रेपो दर सहा जणांची समिती ठरवते. तिच्यात तिघे रिझर्व्ह बँकेचे व तिघे सरकारने नेमलेले असतात. मते समसमान पडली, तर गव्हर्नरांचे जादा मत निर्णायक ठरते. महागाईचा दर ४ टक्क्यांच्या आसपास ठेवावा, तो २ च्या खाली किंवा ६ च्या वर जाऊ देऊ नये, अशी कामगिरी तिच्यावर सोपवली आहे. २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा कायद्याप्रमाणे बँकेला सरकारकडे लेखी खुलासा करावा लागला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेण्यात आला. महागाई उतरल्यावर २०२५ मध्ये तो पुन्हा खाली आणला गेला.

हे औषध कडू आहे. भाजीचा भाव आवरण्यासाठी दर वाढवला, की मालेगावात कर्ज काढून यंत्रमाग घेणाऱ्याचा हप्ताही वाढतो. शिवाय पावसाअभावी टोमॅटो महागले, तर व्याजदर वाढवून टोमॅटो पिकत नाहीत. कोणत्या महागाईवर हे औषध द्यावे, यावर जाणकारांतही नेहमी वाद होतात.

जाता जाता शब्दांबद्दल थोडेसे. रक्कम, कर्ज, जमा, वसूल, हप्ता, जामीन हे मराठीतले बँकेचे शब्द तुम्हाला नव्याने शिकावे लागत नाहीत. 'ठेव' आणि 'तारण' हे दोन मात्र नीट लक्षात ठेवा.

तारणाचा एक प्रसंग साऱ्या देशावर आला होता. १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि खनिज तेल महागले. १९९१ च्या मध्यास भारताजवळ जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले. तेव्हा जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने विमानाने चार खेपांत लंडनला पाठवले. ते तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले.

बँकच बुडाली तर? १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. सुरुवातीला ते १,५०० रुपयांपर्यंत होते. १९९३ मध्ये १ लाख आणि २०२० मध्ये ५ लाख रुपये झाले. हा विमा सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेतील ठेवींना मात्र तो मिळत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार खात्याच्या देखरेखीखाली असते. दोघींच्या पाट्या दिसायला सारख्याच असतात; म्हणून ठेव ठेवण्याआधी पाटीवर 'बँक' लिहिले आहे की 'पतसंस्था', हे वाचून घ्यावे. घरातील मोठ्यांना मराठी वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा.