परसातला हौद, मासे आणि पालक : आमच्या चुकांचा धडा



या पानावर लागण, खोडवा, पाचटाचे आच्छादन, ठिबक हे विषय नेहमीच येतात. या वेळी जरा बाजूचा विषय घेत आहोत. खाली हौदात मासे आणि वर खडीत माती नसताना पालक, अशी चित्रे आपण मोबाईलवर पाहिली असतील. गटाच्या बैठकीत दोघा-तिघांनी विचारले, "हे खरंच जमतं का हो?" आम्ही घरच्या मंडळींनी निफाड तालुक्यातील आमच्या परसात ते करून पाहिले. जमते, पण दाखवतात तसे आठ दिवसांत नव्हे. कोल्हापूरचे कै. श्री. अ. दाभोलकर यांच्या 'प्रयोग परिवारा'तील शेतकरी आपापले प्रयोग एकमेकांना कळवीत. त्याच वाटेने आमच्या चुका येथे मांडतो, म्हणजे त्याच चुकांवर दुसऱ्याचा पैसा जायला नको.

मातीविना पीक ही काही आजची टूम नव्हे. जर्मनीत झाक्स आणि क्नॉप यांनी १८६० च्या दशकात नुसत्या क्षारांच्या पाण्यावर रोपे वाढविली. आपल्या देशात १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी दार्जिलिंग भागात खडी-वाळूची साधी पद्धत बसविली, ती 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्यात खत विकत आणून पाण्यात विरघळवायचे असते. माशांच्या पद्धतीत खत मासेच देतात. पंपाने हौदातले पाणी खडीत चढते, तेथे निवळते आणि पुन्हा हौदात उतरते.

आमची मांडणी अशी : १,००० लिटरचा सिमेंटचा हौद, निळी पिंपे उभी कापून त्यांत १२ इंच खडी आणि कूलरचा लहान पंप. हौद नवा होता म्हणून तीन वेळा भरून रिकामा केला, कारण नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. एवढे शहाणपण आम्हांला होते. पुढचे नव्हते.

ज्या दिवशी पाणी भरले त्याच दिवशी रोहू-कटल्याची ४० बोटुकली सोडली आणि पालकाची रोपे लावली. पोरांना हौस, म्हणून दिवसातून चार वेळा भुईमुगाची पेंड. नवव्या दिवशी पहाटे वहिनींनी हाक मारली, "भाऊजी, उठा, मासं वर आलंय!" दुपारपर्यंत ३१ मासे गेले. पाणी काचेसारखे स्वच्छ होते. मग मेले कशाने?

याचे उत्तर आपल्या उसाच्या वावरातच आहे. आपण युरिया टाकतो, पण पिकाला त्यातला बराचसा नत्र नायट्रेटच्या रूपात मिळतो. युरियाचा आधी अमोनिया होतो. मग एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. वावरात ते आयते असतात, म्हणून आपल्याला त्यांची आठवण होत नाही. नव्या हौदात मात्र ते जवळजवळ नसतातच. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेली पेंड कुजून आणखी अमोनिया होतो, आणि तो पचवणारे कोणी नाही. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे स्वच्छ पाण्याने आम्ही फसलो.

त्यात सामूची भर पडली. पाण्याचा सामू ७ असेल तर २५ अंश तापमानाला एकूण अमोनियापैकी शेकडा अर्धा भागच विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग शेकडा पाचावर जातो, म्हणजे दसपट! आमच्या विहिरीचे पाणी जड, सामू ८ च्या वर. शोभेच्या माशांच्या दुकानात तपासणीचा संच मिळतो. तो आम्ही मासे मेल्यावर आणला.

तेव्हा पहिले पीक जिवाणूंचे, मग माशांचे, मग पालकाचे. उबदार दिवसांत जिवाणू जम धरायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात हौदात मासे ठेवायचे नाहीत, पण अमोनिया मात्र हवा. आम्ही हिशोब केला : १,००० लिटरला ५ ग्रॅम युरिया म्हणजे दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम नत्र. टाकला. तीन आठवडे झाले तरी नायट्राइटचा पत्ता नाही. मग धाकट्याच्या लक्षात आले की २०१५ पासून आपल्याकडचा युरिया निमकोटेड असतो, आणि निंबोळीचे तेल त्यावर लावतात ते याच जिवाणूंचा वेग कमी करायला! उसाला जे हिताचे तेच हौदाला आडवे आले असावे, अशी आमची शंका. ते पाणी केळीला सोडून दिले आणि फडक्यात बांधलेली मूठभर पेंड हौदात कुजत ठेवली. जोडीला शेजारच्या गावातील जुन्या मत्स्यतळ्यातली घमेलेभर खडी आणून टाकली. पाचव्या आठवड्यात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले. मग १५ बोटुकली सोडली. ती जगली.

सामू मात्र ८ च्या खाली येईना. खडी नदीकाठची होती. एका खड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले तर फेस आला. काळ्या रानात निघतात तसले चुनखडीचे खडे! सारी पिंपे उपसून काळ्या दगडाची खाणीची खडी धुऊन भरली. दोन दिवसांची मेहनत दोन थेंबांनी वाचली असती.

पुढे पालकाची नवी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. ऊसवाल्याला हे सांगायला नको, खोडव्यावर दिसतो तोच केवडा. माशांच्या खाद्यात लोह थोडे असते आणि चढ्या सामूत पिकाला तेही लागू होत नाही. आम्ही सवयीने पाण्यात हिराकस टाकला. तासाभरात तांबूस गाळ होऊन तळाशी बसला. शेवटी द्राक्षबागेसाठी आणलेले चिलेटेड लोह वापरले. ईडीटीएचे चढ्या सामूत टिकत नाही, ईडीडीएचएचे टिकते. लिटरला २ मिलिग्रॅम या हिशोबाने दिले आणि पंधरवड्यात नवी पाने हिरवी आली. फवारणीचे औषध मात्र या पालकावर चालत नाही. पानावरचा थेंब हौदात गेला की मासे गेले. मावा आला तर पाण्याने धुवा किंवा झाड उपटा.

विजेचे काय, हे सगळेच विचारतात. पंप शेतीच्या फीडरवर चालणार नाही, घरच्याच जोडणीवर हवा. तरी रात्री वीज जातेच, आणि पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप शोभेच्या माशांच्या दुकानातच मिळतो. तो हाताशी नसेल तर या भानगडीत पडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. थंडीतही सांभाळावे लागते. आपल्या निफाडला पारा ५ अंशांच्या खाली उतरतो तेव्हा रोहू-कटला खाणे सोडतात आणि जिवाणूही मंदावतात. अशा दिवसांत खाद्य बंद ठेवावे. जादा वाढतात म्हणून कोणी 'थाई मागूर' देऊ करील. ती आफ्रिकन मागूर आहे, तिला बंदी आहे, घेऊ नये.

खर्चाचे विचाराल तर हे उसाच्या जागी करण्याचे काम नव्हे. घरची पालक-मेथी-कोथिंबीर आणि अधूनमधून कालवण, एवढीच आमची मिळकत. विक्रीचा हिशोब मांडून कोणी मोठा संच गळ्यात मारू लागला तर आधी त्याचा दोन वर्षे चाललेला हौद पाहायला मागा. पाणी मात्र खरेच कमी लागते. तेच तेच पाणी फिरते, उन्हाळ्यात रोज संध्याकाळी उडाले तेवढे भरायचे. ज्यांच्याकडे अस्तराचे शेततळे आहे त्यांनी परसात हौद बांधण्याऐवजी तळ्यातच मासे सोडून तेच पाणी पिकाला द्यावे. ते सोपे आणि स्वस्त पडते. फक्त ठिबकच्या गाळण्या वरचेवर धुवाव्या लागतील.

या थंडीत आम्ही सायप्रिनस सोडून पाहणार आहोत, त्याला गारवा बरा सोसतो. तपासणीचा संच आमच्याकडे शिल्लक आहे. करून पाहायचे असेल त्यांनी आपल्या विहिरीचे पाणी स्वच्छ बाटलीत आणि आपल्या खडीतले चार खडे पुढच्या गट बैठकीला घेऊन यावेत. सामू तिथेच पाहू. व्हिनेगर आम्ही आणू.