जुना मॉनिटर कसा जोडला?



आपल्या शाळेच्या संगणकाचा पडदा दिवाळीच्या सुट्टीत बंद पडला. नवा घ्यायला पैसे नव्हते. गुरुजींनी तालुक्याच्या बाजारातून जुना, मागे पोट असलेला पंधरा इंची मॉनिटर आणला. पण त्याची वायर संगणकाला बसेना! का बसेना ते सांगतो. घरी कुणी असा मॉनिटर घेणार असेल तर पैसे वाया जायला नकोत.

मॉनिटरच्या वायरीच्या टोकाला निळा प्लग आहे. त्यात तीन ओळींत पंधरा पिना. (मधल्या ओळीतली एक बऱ्याचदा मुळातच नसते, तुटली असे समजू नका.) याला व्हीजीए म्हणतात. आयबीएम कंपनीने ही पद्धत १९८७ साली आणली. लाल, हिरवा, निळा या रंगांना तीन वेगळ्या तारा असतात. रंग जितका उजळ तितका विजेचा दाब जास्त, शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत. नळाची तोटी थोडी थोडी फिरवावी तसे. हे झाले अॅनालॉग. आणखी दोन तारा ओळ कुठे संपली, चित्र कुठे संपले ते कळवतात.

आपल्या ग्राफिक्स कार्डाला मात्र एचडीएमआय खाच आहे. तिच्यातून रंग आकड्यांनी जातात. दिव्याचे बटण चालू नाहीतर बंद, मधले काही नाही. हे डिजिटल. जुन्या मॉनिटरला ही भाषा कशी कळणार?

एका दुकानदाराने दोन्ही टोके बसतील अशी साधी वायर दाखवली. "बसते की, लावा बिनधास्त!" म्हणाला. बसते खरी, पण तिच्यात नुसत्या तारा असतात, भाषा बदलणारे कुणी नसते. गुरुजींनी ती घेतली नाही. त्यांनी कन्व्हर्टर घेतला. त्याच्या आत चिप असते. ती आकड्यांचे पुन्हा कमीजास्त व्होल्ट करते. त्यासाठी लागणारे ५ व्होल्ट ती खाचेतूनच घेते.

काही कार्डांना डीव्हीआय नावाची रुंद खाच असते. तिच्यातली आडवी फट नीट बघा. फटीभोवती वर दोन, खाली दोन अशी चार भोके असली तर अॅनालॉगही मिळते, मग साधा जोडप्लग पुरतो. भोके नसली तर नाही.

चित्र आले, पण लुकलुकत होते. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगत होता. सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ ठेवून तो आकडा ७५ केला, तेव्हा डोळ्यांना बरे वाटले. मॉनिटरला झेपेल त्यापेक्षा जास्त आकडा दिला तर पडदा काळा होतो.

मागचे झाकण मात्र कुणीही उघडू नये. आत वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही वीज साठून राहते.

सुरू करताना "ढुम्म" असा आवाज होऊन चित्र थरथरते. पहिलीची पोरं दचकतात! आतले तारेचे वेटोळे पडद्याला लागलेले चुंबकत्व पुसत असते, त्याचा तो आवाज. म्हणून विज्ञान पेटीतला लोहचुंबक पडद्याजवळ नेऊ नका, रंग बिघडतात.