मोर एका पिशवीत, प्रगतिपुस्तक दुसरीत

एप्रिलअखेर निकाल लागला की शाळा वर्षभराचा गठ्ठा हातात ठेवते. घटक चाचण्यांचे पेपर, कार्यानुभवाची वही, चित्रकलेची फाइल, पंधरा ऑगस्टचा कागदी झेंडा, कुठल्याशा दिवसासाठी केलेला मुखवटा. तू तो गठ्ठा पलंगाखालच्या कप्प्यात सारतेस आणि म्हणतेस, सुट्टीत बघू. सुट्टीत गावाला जातेस, जूनमध्ये नवी पुस्तकं येतात, आणि कप्पा पुढच्या एप्रिलपर्यंत तसाच. घराघरांत हेच चालतं गं, त्याचं काही वाटून घेऊ नकोस. पण आता कप्प्याचं दार लागेनासं झालंय म्हणतेस, तर जरा बसून बोलू.

आधी मनातल्या मनात दोन ढीग कर. उद्या कुठल्यातरी खिडकीवरचा कारकून मागेल ते कागद एकीकडे, आणि म्हातारपणी आपल्यालाच काढून बघावेसे वाटतील ते दुसरीकडे. घोळ होतो तो इथेच. प्रगतिपुस्तक आणि बालवाडीतला मोर आपण एकाच पिशवीत कोंबतो. मग ऐन प्रवेशाच्या दिवशी मोर हाताला लागतो.

खिडकीवाल्यांचं आधी उरकते. जन्मदाखला, आधार, प्रगतिपुस्तकं, बोनाफाईड, शिष्यवृत्तीचं गुणपत्रक, सगळं एका फायलीत, आणि ती फाइल घरच्या बाकीच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांची प्रमाणपत्रंही इथेच ठेव. रंगांचा संबंध आहे म्हणून चित्रांच्या फायलीत टाकू नकोस. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, तेव्हा ते प्रमाणपत्र शोधत घर उलथंपालथं करायची वेळ येते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला पुढे कॉलेजात जमा होतो, म्हणून हातात आल्या आल्या त्याच्या चार-पाच प्रती काढायच्या. आणि दाखल्यावर जाईल ते नाव, आडनाव, जन्मतारीख मूल शाळेत आहे तोवरच रजिस्टरशी ताडून घे. नंतर एका वेलांटीसाठी किती खेटे पडतात ते ज्याने घातलेत त्यालाच विचार.

आणखी एक. सासरच्या आजोबांचा चौथीचा दाखला कुठे पत्र्याच्या पेटीत असेल तर तो काढून ठेव. जात पडताळणीला जुने पुरावे मागतात, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे. दाखला नसेल तर आजोबांच्या गावच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढावा लागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं कपाटांतून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. एखाद्या पोराने कधीकाळी पहिलीत नाव घातलं, त्याचं मोल हे असं पतवंडाच्या वेळी कळतं.

आता खरा गुंता, म्हणजे ज्यात जीव अडकतो ते कागद.

मी एकच कसोटी लावते. कागदावर पोराचा स्वतःचा हात आहे का? छापील चित्रात रंग भरलेली पानं, गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, हे सगळं वर्ष संपलं की रद्दीत. थर्माकोलची सूर्यमाला तू रात्री साडेअकराला गोंदाने बोटं चिकटवत केलीस. ती तुझी कलाकृती आहे, पोराची नव्हे. तिचा फोटो काढ आणि निरोप दे. स्पर्धेत बक्षीस मिळालेलं चित्र तर मी सगळ्यात आधी उलटून पाहते, कारण त्यात बऱ्याचदा क्लासच्या सरांचा हात असतो. तू रागावशील, पण बक्षिसाचा कागद ठेव आणि चित्र सोड.

आणि तू टाकायला निघतेस नेमकं ते ठेव. दीड-दोन वर्षांच्या गिरगोट्या, तीन-चार वर्षांची ती माणसं, ज्यांच्या डोक्यालाच थेट पाय फुटलेले असतात आणि पोट नसतंच. ऱ्होडा केलॉग नावाच्या अमेरिकन बाईंनी लहान मुलांची लाखो चित्रं जमवली आणि गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार मांडले. कुठल्याही देशातलं मूल साधारण त्याच वाटेने जातं, असं त्यांना दिसलं. तुझ्या पोराची वाटही तीच, पण मुक्काम त्याचे. पाच-सहाच्या सुमारास कागदाच्या तळाला जमिनीची रेघ येते, वर निळ्या आभाळाची पट्टी येते आणि मधे रिकामी हवा. घराच्या भिंतीतून आतला पंखा दिसतो, टीव्ही दिसतो, आईच्या पोटातलं बाळही दिसतं. आई सगळ्यात मोठी, बाबा दारापेक्षा उंच, न आवडणारा मामा कोपऱ्यात. नऊ-दहाव्या वर्षी खोडरबर येतं. हात हुबेहूब काढायचा नाद लागतो, जमत नाही, आणि पुष्कळ मुलं तिथेच चित्र काढायची थांबतात. म्हणून या प्रत्येक टप्प्यातली दोन-तीन ठेवलीस तरी पोराचं बाळपण हाताशी राहतं. पन्नास मोर लागत नाहीत.

दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड, हे निसर्गचित्र प्रत्येक मराठी घरात असतंच. एक ठेव. पण त्या नदीकाठी एसटीचा थांबा काढला असेल आणि थांब्यावर पिशवी घेतलेली आजी, तर ते आधी उचल.

लिखाणाचंही तसंच. अख्खी वही नको. दुरेघीतलं पहिलं नाव, ज्यात एक अक्षर उलटं पडलंय, ते पान. ‘माझी आई’ निबंध ठेव, मात्र बाईंनी फळ्यावर सांगितलेला नको; ज्यात आई सारखी फोनवर बोलते असं लिहिलंय, तो. टोचेल जरा, पण तोच ठेव.

चित्राच्या मागे तारीख घाल, वय घाल, आणि काढताना पोर काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिही. मऊ शिशाच्या पेन्सिलीने, कडेला. बॉलपेन दाबून लिहिलंस तर पुढच्या बाजूला वळ उठतात. ‘हा राक्षस नाहीये, हे पप्पा झोपलेत’ हे वाक्य तुला चार वर्षांनी आठवणार नाही, अगदी शपथेवर.

साठवणीत आपला खरा वैरी पाऊस. मुंबई-कोकणात तर चार महिने कागद ओलसरच लागतो. स्टेपलरच्या पिना आणि टाचण्या काढून टाक, गंजून भोकं पाडतात. चिकटपट्टी पिवळी पडते आणि डाग सोडते, रबरबँड वितळून कागदाला चिकटतं. लॅमिनेशनचा मोह आवर. एकदा केलं की कागद परत मोकळा होत नाही. तेलखडूची चित्रं एकावर एक ठेवलीस तर वरच्याच्या पाठीवर खालचं उमटतं, मधे बटर पेपर घाल. गुंडाळी करू नकोस, उलगडताना रंगाचे पोपडे पडतात. मोठा पुठ्ठ्याचा फोल्डर, आडवा, कपाटाच्या मधल्या फळीवर. माळा नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात गळती. बाहेरच्या भिंतीला लागून नको. स्केचपेनची चित्रं भिंतीवर लावायची तर उन्हापासून लांब, नाहीतर दिवाळीपर्यंत गुलाबी रंग उडालेला असेल.

डाळ-तांदूळ चिकटवलेला गणपती आहे ना तुझ्याकडे? त्याचा आजच फोटो काढ आणि त्याला हात जोड. त्यात पोरकिडे होतात आणि मग ते स्वयंपाकघराकडे वळतात. कणकेच्या खळीने चिकटवलेल्या कागदाला कसर लागते, तोही बाजूला. डांबरगोळ्या टाकू नकोस, घरात लहान मूल असताना तर मुळीच नको. चघळायला उचलली तर जिवावर बेतेल. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेव, आपल्या आज्यांनी कपड्यांत तेच ठेवलं. आणि सुती कापड वापर. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवायची रीत होती. जुन्या सुती साडीचा मऊ, धुतलेला तुकडा घे आणि फोल्डर त्यात बांध. धूळ आत जात नाही आणि प्लॅस्टिकसारखं आत घामेजत नाही. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत एकदा उघडून वारा दे.

फोटोचं थोडक्यात सांगते. दुपारच्या आधी खिडकीशी, चित्र जमिनीवर, फोन बरोबर वरून, फ्लॅश बंद. इयत्तेवार फोल्डर. आणि ते सगळं कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून मोकळी होऊ नकोस, तिथे ते सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं.

निवडताना पोराला शेजारी बसव. सहा-सात वर्षांचं मूल छान सांगतं काय हवं ते, आणि त्याची निवड ऐकून तू चाट पडशील. त्याने टाकायला सांगितलेलं, पण तुझा जीव गुंतलेला एखादा कागद असेल तर सरळ माग, ‘हा मला देतोस?’ म्हण. गुपचूप रद्दीत घालू नकोस, पोरं पिशवीत डोकावतात. मोठी झाल्यावर, तेरा-चौदाला, जुन्या निबंधाची लाज वाटून फाडायला निघाली तर फाडू दे. कागद त्यांचा आहे.

नवऱ्यालाही बसव या कामाला. तो म्हणेल, ‘सगळं स्कॅन करून टाकून देऊ.’ त्याच्या हातात तो झोपलेल्या पप्पांचा राक्षस दे, आणि मग विचार.

या रविवारी फक्त पलंगाखालचा कप्पा घ्या. माळ्यावरची पोती दिवाळीच्या सुट्टीत. आणि रद्दीवाला आला की वजनकाट्याकडे तूच लक्ष ठेव, आईंवर सोपवू नकोस. त्या भाव पाडून घेतील आणि वर चार जुनी मासिकं परत आणतील.