उलट वाहणारे पाणी

प्रस्तावना

पाणी उताराकडे वाहते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. परंतु बंद नळातील पाणी उतारापेक्षा दाबाचा हुकूम अधिक मानते. जिकडे दाब कमी, तिकडे ते धावते. त्यामुळे कधीकधी वापरलेले पाणी पिण्याच्या नळात उलटे शिरते. हे कसे घडते आणि ते टाळण्यासाठी नळ-सर्वेक्षकाला काय शिकावे लागते, हे या पाठात पाहू.

मूळ पाठ

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, पंपांच्या साहाय्याने सुमारे ५०० मीटर वर चढवून शहरात आणले जाते. असे कष्टाने आलेले पाणी सर्वांना सदासर्वकाळ पुरत नाही. म्हणून कोरमंगला भागातील एखाद्या मोठ्या गृहसंकुलात पाहिले, तर कावेरीचे पाणी, बोअरवेलचे पाणी, टँकरचे पाणी आणि शुद्ध करून पुन्हा वापरलेले सांडपाणी असे चार प्रकारचे पाणी एकाच आवारात नांदत असते. बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने मोठ्या नव्या इमारतींना दुहेरी नळयोजना बंधनकारक केली आहे. एक नळ पिण्यासाठी, दुसरा शौचालय व बागेसाठी. ही व्यवस्था पाणी वाचवणारी आहे. परंतु दोन्ही नळ शेजारून जात असल्याने एका चुकीच्या जोडाने ती घातकही ठरू शकते.

पिण्याच्या पाण्याचा नळ अशुद्ध पाण्याच्या नळाशी किंवा टाकीशी जोडला जाणे, याला क्रॉस कनेक्शन म्हणतात. जोड नुसता असला तरी अपघात लगेच होत नाही. अपघात दाब बदलल्यावर होतो. पुरवठा बंद झाला, मुख्य नळ फुटला किंवा कोणी नळाला थेट मोटार लावली, की नळातील दाब उतरतो. अशा वेळी बादलीत बुडालेल्या रबरी नळीतून साबणाचे पाणीही वर ओढले जाते. दुसऱ्या प्रकारात अशुद्ध बाजूचा पंप अधिक दाब देतो आणि घाण पाणी शुद्ध नळात ढकलले जाते.

हे भय काल्पनिक नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये फिनलंडमधील नोकिया या गावात देखभालीच्या कामाच्या वेळी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील एक झडप उघडी राहिली. शेकडो घनमीटर प्रक्रिया केलेले सांडपाणी पिण्याच्या नळांत मिसळले. आठ हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. त्याआधी १९३३ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे दोन हॉटेलांतील सदोष नळजोडण्यांमुळे आमांशाची साथ पसरली आणि सुमारे शंभर माणसे दगावली.

म्हणूनच काही देशांत हे दोष शोधणाऱ्या सर्वेक्षकांना स्वतंत्र प्रशिक्षण व प्रमाणपत्र दिले जाते. त्यांचे पहिले काम म्हणजे चालणे. मीटरपासून आरंभ करून संप, पंप, गच्चीवरील टाकी आणि शेवटचा नळ इथपर्यंत प्रत्येक नळ हाताने दाखवता आला पाहिजे. नकाशात काय आहे, यापेक्षा भिंतीवर काय आहे, हे महत्त्वाचे. त्यानंतर तो धोक्याची प्रतवारी करतो. रुग्णालय, प्रयोगशाळा किंवा सांडपाणी यांच्याशी आलेला संबंध अधिक धोक्याचा मानला जातो.

संशय आल्यास साधी चाचणी पुरते. पिण्याच्या पाण्याची झडप बंद करून त्याचे सर्व नळ रिकामे करावेत आणि दुसरी योजना दाबाखाली ठेवावी. रिकाम्या नळातून पाणी वाहतच राहिले, तर कोठेतरी जोड आहे, असे समजावे.

उपायही फार खर्चाचे नसतात. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे हवेचे अंतर. टाकीत पाणी सोडणाऱ्या नळाचे तोंड भरल्या पातळीच्या वर, नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट उंचीवर ठेवावे. मधल्या मोकळ्या हवेतून पाणी परत ओढले जात नाही. जेथे हे शक्य नाही, तेथे उलट प्रवाह रोखणारी झडप बसवावी व तिची नियमित तपासणी करावी. दोन्ही योजनांच्या नळांना वेगळे रंग द्यावेत.

चांगल्या सर्वेक्षकाच्या कामाची कीर्ती होत नाही. कारण त्याने टाळलेला आजार कोणाला दिसत नाही. तरीही सकाळी नळाखाली निर्धास्तपणे धरलेल्या प्रत्येक पेल्यामागे त्याची दक्षता असते.

शब्दार्थ

प्रतवारी – गुणाप्रमाणे किंवा तीव्रतेप्रमाणे केलेली विभागणी
दक्षता – सावधपणा
संप – जमिनीखालील पाण्याची टाकी

पाठावर आधारित प्रश्न

१. नळातील दाब कोणकोणत्या कारणांनी उतरतो?
२. दुहेरी नळयोजनेचा लाभ व धोका स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील टाकीत पाणी सोडणारा नळ पाहा. त्याचे तोंड पाण्याच्या वर आहे की पाण्यात बुडालेले? आढळलेली गोष्ट पाच वाक्यांत लिहा.