त्यागराज भागवतर आणि गाणारा तमिळ बोलपट

बालगंधर्वांनी १९३५ साली 'धर्मात्मा' या बोलपटात संत एकनाथांची भूमिका केली आणि त्यानंतर ते पुन्हा रंगभूमीकडे वळले, ही हकिगत आपणा सर्वांस परिचित आहे. नाटकातल्या गायक-नटाला बोलपट मानवला नाही, असा तिचा अर्थ आपण लावतो; आणि बालगंधर्वांपुरता तो चुकीचाही नाही. परंतु त्याच सुमारास मद्रास इलाख्यात नेमके उलटे घडत होते. तेथे एका गायक-नटाने बोलपटाशी जुळवून घेण्याऐवजी बोलपटानेच त्याच्याशी जुळवून घेतले होते. त्याचे नाव एम. के. त्यागराज भागवतर. तमिळ चित्रपटसृष्टीतला पहिला लोकोत्तर नट म्हणून त्यांचा उल्लेख होतो. या नटाने उण्यापुऱ्या चौदा चित्रपटांत काम केले, त्याला खुनाच्या आरोपावरून जन्मठेप झाली, तो निर्दोष सुटला आणि एकोणपन्नासाव्या वर्षी वारला. 'खटल्याने भागवतरांना संपवले' असे सर्रास सांगितले जाते. ते कितपत खरे, हे तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

त्यांचा जन्म १ मार्च १९१० रोजी मायावरम येथे एका सोनाराच्या घरी झाला. पुढे कुटुंब त्रिचनापल्लीस आले. मुलाला शाळेपेक्षा गाण्याचा नाद अधिक. वडिलांना हे पसंत नव्हते, म्हणून मुलगा घरातून पळाला आणि आंध्रातील कडप्प्यास लोकांना गाऊन दाखवीत असताना सापडला, अशी कथा सांगतात. (नटांच्या चरित्रांत घरातून पळून जाण्याचा प्रसंग इतक्या वेळा येतो की तो वगळला तर वाचकाला चुकल्यासारखे व्हावे!) त्रिचनापल्लीत एफ. जी. नटेश अय्यर नावाचे रेल्वेतील अधिकारी नाट्यसंस्था चालवीत. त्यांच्या 'हरिश्चंद्र' नाटकात हा मुलगा रोहिदासाच्या भूमिकेत उभा राहिला. पुढे मदुरा पोन्नू अय्यंगार यांच्याजवळ रीतसर कर्नाटक संगीताचे शिक्षण झाले आणि विशीच्या आतच तो 'भागवतर' म्हणून ओळखला जाऊ लागला.

या 'भागवतर' शब्दाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. आपल्याकडे कीर्तनकाराला जसे हरिदास किंवा हरिभक्तिपरायण म्हणावे, तसाच हा शब्द. तमिळ देशातील हरिकथेला आजचे रूप दिले ते तंजावूर कृष्ण भागवतर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात; आणि त्यांनी ते दिले तंजावरात येणाऱ्या मराठी कीर्तनकारांचे ऐकून. साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्ते तमिळ हरिकथेत त्या वाटेने गेली. तेव्हा त्यागराज भागवतरांचे गाणे ज्या श्रोत्यांच्या कानांनी घडवले, त्या कानांवर महाराष्ट्राचा थोडासा संस्कार झालेला होता असे म्हटल्यास वावगे ठरू नये. मात्र याहून अधिक श्रेय आपण घेऊ नये. गाणे त्यांचे, आणि भाषाही त्यांची.

त्या काळी तमिळ रंगभूमीवर 'स्पेशल नाटक' नावाचा प्रकार जोरात होता. ठेकेदार निरनिराळ्या गावचे नट वेगवेगळे ठरवून आणी. कथा सर्वांना पाठ. तालमीचा प्रश्नच नाही. रात्री रंगमंचावर नायक-नायिका समोरासमोर आले की गाण्याची जुगलबंदी सुरू होई आणि ती पहाटेपर्यंत चाले. प्रेक्षक कथेसाठी येत नसत. अर्जुन आणि पवळक्कोडी यांचे लग्न होणार हे प्रत्येकाला ठाऊक असे. लग्नापूर्वी ती दोघे काय गातात, एवढ्यासाठी ते येत. या रंगभूमीचा राजा होता एस. जी. किट्टप्पा. तो १९३३च्या डिसेंबरात अवघ्या सत्तावीस वर्षांचा असताना वारला. त्याची रिकामी झालेली जागा भागवतरांनी घेतली, परंतु रंगमंचावर नव्हे, पडद्यावर.

तमिळ बोलपटाचा जन्मच मुळी मुंबईचा. आर्देशिर इराणी यांनी 'आलम आरा'च्या पाठोपाठ निर्माण केलेला आणि एच. एम. रेड्डी यांनी दिग्दर्शित केलेला 'कालिदास' ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी प्रदर्शित झाला. त्यात नायिका टी. पी. राजलक्ष्मी तमिळ बोलत होती आणि नायक तेलुगू! तरीही लोकांनी गर्दी केली. मद्रासेत बोलपटासाठी स्टुडिओ उभा राहीपर्यंत, म्हणजे १९३४पर्यंत, तमिळ मंडळी मुंबई, पुणे, कलकत्ता अशी वणवण करीत असत. आपल्या प्रभात कंपनीनेही १९३४ साली बाबूराव पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली 'सीताकल्याणम्' हा तमिळ बोलपट काढला.

या सुरुवातीच्या बोलपटांत गाण्यांचा एवढा सुळसुळाट का होता, याचे 'नाटकाची सवय' हे उत्तर नेहमी दिले जाते. ते अर्धेच उत्तर आहे. दुसरे अर्धे यंत्रात आहे. पार्श्वगायन तमिळमध्ये आले ते १९३८ साली, ए. व्ही. मेय्यप्पन यांच्या 'नंदकुमार'पासून. तोवर नटाने कॅमेऱ्यासमोर उभे राहून त्याच क्षणी गायचे, वाद्ये चौकटीबाहेर लपवून वाजवायची आणि चित्र व आवाज बरोबरच घ्यायचे, अशी रीत होती. गाणे बिघडले की सगळे पुन्हा. अशा वेळी ज्याचा सूर हलत नाही, श्वास पुरतो आणि जो एका जागी उभा राहून प्रेक्षकाला धरून ठेवतो, तोच नट निर्मात्याच्या कामाचा. म्हणजे त्या काळचा ध्वनिग्राहक स्वतःच गवयाच्या बाजूने कौल देत होता.

भागवतरांचे नाटक पाहून के. सुब्रह्मण्यम् या वकिली सोडून चित्रपटात आलेल्या दिग्दर्शकाने 'पवळक्कोडी'साठी त्यांना आणि त्यांच्या रंगमंचावरील नायिका एस. डी. सुब्बुलक्ष्मी यांना एकदमच घेतले. चित्रीकरण मद्रासच्या अड्यार भागात, उघड्यावर, सूर्यप्रकाशात होई. ढग आले की काम बंद. दुपारी जेवणे झाली की खरकट्यावर कावळे जमत आणि त्यांची कावकाव ध्वनिमुद्रणात उतरे. म्हणून त्यांना हाकलण्यासाठी खास माणूस नेमला होता. १९३४ साली पडद्यावर आलेल्या या चित्रपटात पन्नासच्या आसपास गाणी होती. आज ही संख्या ऐकून हसू येते, परंतु स्पेशल नाटकाच्या प्रेक्षकाला ती मुळीच खटकली नसेल.

त्यानंतरची दहा वर्षे म्हणजे चढती कमान. १९३७चा 'चिंतामणी', म्हणजे आपल्या ओळखीची बिल्वमंगळाची कथा, वर्षाहून अधिक काळ चालला आणि मदुरेच्या रॉयल टॉकीजने त्याच्या नफ्यातून त्याच नावाचे चित्रपटगृह बांधले. त्याच वर्षीच्या 'अंबिकापती'चे दिग्दर्शन एलिस डंगन या अमेरिकन गृहस्थाने केले, ज्याला तमिळ येत नव्हते. 'तिरुनीलकंठर' १९३९चा, 'अशोककुमार' १९४१चा, 'शिवकवी' १९४३चा. यांपैकी 'अशोककुमार' ही सम्राट अशोकाचा पुत्र कुणाल याची कथा. तीत पुढे तमिळनाडूचे मुख्यमंत्री झालेले एम. जी. रामचंद्रन एका लहान भूमिकेत आहेत. या सर्व यशामागे पापनाशम शिवन या रचनाकाराचा हात किती मोठा होता, हे चाहते विसरतात. कर्नाटक संगीतातले राग शिवन यांनी साध्या तमिळ शब्दांत बांधले आणि ज्याला मैफलीच्या दाराशीही कोणी उभे केले नसते, त्या गाडीवानाच्या तोंडी ते बसवले.

नट म्हणून भागवतर कसे होते? प्रस्तुत लेखकाच्या मते सामान्य. चेहरा देखणा, केस मानेवर रुळणारे, हातवारे नाटकी, आणि संवाद म्हणजे दोन गाण्यांमधला विसावा. परंतु गाणे सुरू झाले की तोच माणूस पालटतो. आवाज बारीक, उंच पट्टीतला, आणि शब्द इतके स्वच्छ की तमिळ न जाणणाऱ्यालाही ते वेगवेगळे मोजता यावेत.

१९४४च्या दिवाळीत 'हरिदास' आला. दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी, मंगळूरकडचे कोकणीभाषक. चित्रपटाची कथा ऐकताच मराठी माणसाला पुंडलिक आठवतो : आईबापांना छळणारा, विषयात बुडालेला मुलगा, त्याला होणारा पश्चात्ताप, आणि अखेर आईबापांच्या सेवेत सापडलेला देव. महायुद्धामुळे कच्ची फिल्म दुर्मीळ झाली होती आणि सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली होती. त्यामुळे पन्नास गाण्यांची चैन आता शक्य नव्हती. चित्रपट आटोपशीर झाला आणि माझ्या मते त्यामुळेच अधिक चांगला झाला. मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. तीन दिवाळ्या त्याने पाहिल्या.

त्यांतल्या पुढच्या दोन दिवाळ्या भागवतरांनी तुरुंगात काढल्या.

सी. एन. लक्ष्मीकांतन नावाचा एक पत्रकार नटनट्यांच्या खासगी आयुष्याविषयी मजकूर छापून पैसे मिळवीत असे. त्याच्या पत्राचा परवाना रद्द करावा म्हणून भागवतर, विनोदी नट एन. एस. कृष्णन् आदींनी गव्हर्नरकडे अर्ज केला, तो मान्यही झाला. पण लक्ष्मीकांतनने 'हिंदु नेसन' हे दुसरे पत्र चालवायला घेतले. ८ नोव्हेंबर १९४४ रोजी मद्रासच्या वेपेरी भागात, भरदिवसा, रिक्षातून जात असता त्याच्यावर चाकूहल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात मरण पावला. डिसेंबरात भागवतर, कृष्णन् आणि कोइमतूरचे स्टुडिओचालक श्रीरामुलू नायडू यांना कटाच्या आरोपावरून अटक झाली. खटला ज्यूरीपुढे चालला. सरकार पक्षाची भिस्त मुख्यतः माफीच्या साक्षीदारावर होती. १९४५च्या मे महिन्यात नायडू सुटले. भागवतर आणि कृष्णन् यांना जन्मठेप झाली. मद्रास हायकोर्टातले अपील फेटाळले गेले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, तेथून अपिलाची फेरसुनावणी करण्याचा हुकूम झाला आणि १९४७च्या एप्रिलात दोघेही निर्दोष ठरले. बचावाचे काम व्ही. एल. एतिराज यांनी पाहिले. खून कोणी करविला, हे कोर्टात कधीच सिद्ध झाले नाही.

सव्वादोन वर्षांहून अधिक काळ नायक गजाआड आणि त्याच शहरात पडद्यावर तो रोज तीन-तीन वेळा गातो आहे! लोकांनी त्याला टाकले असते तर 'हरिदास'समोर रांगा लागल्या नसत्या. तेव्हा खटल्याने त्यांची लोकप्रियता हिरावली, हे म्हणणे निदान तुरुंगवासाच्या काळापुरते तरी टिकत नाही.

आता सुटकेनंतरचे पाहू. येथे एन. एस. कृष्णन् यांच्याशी तुलना फार उपयोगी पडते. कारण खटला तोच, शिक्षा तीच, सुटका त्याच दिवशीची. कृष्णन् यांनी १९४९ साली सी. एन. अण्णादुरै यांच्या लेखणीतून उतरलेला 'नल्ल तंबी' काढला. त्यात त्यांनी जुन्या नंदनाराच्या हरिकथेचे विडंबन केले : नंदनार चिदंबरला देवदर्शनासाठी तळमळत होता, यांचा 'किंदनार' शिक्षणासाठी आगगाडीने मद्रासला जातो. लोकांनी ते डोक्यावर घेतले. १९५७ साली निधन होईपर्यंत कृष्णन् यांची लोकप्रियता टिकली. डाग दोघांवर सारखाच होता. मग एकालाच तो का बाधला?

भागवतरांनी सुटल्यावर स्वतःच 'राजमुक्ती' काढला. चित्रीकरण पुण्याच्या प्रभात स्टुडिओत झाले. १९४८ साली तो पडद्यावर आला आणि पडला. पुन्हा राजा, पुन्हा भक्ती, पुन्हा गाणी. दरम्यान प्रेक्षक बदलला होता. त्याला आता शब्द हवे होते : अनुप्रासांनी भरलेले, जात आणि देवळांविषयी जाब विचारणारे संवाद. अण्णादुरै यांचा 'वेलैक्कारी' १९४९ साली आला. १९५२ साली भागवतरांचा 'अमरकवी' आला आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत करुणानिधींचे संवाद असलेला 'पराशक्ती'. त्यातला शिवाजी गणेशन् हा नवा मुलगा स्वतः गात नव्हता. गाण्याची त्याला गरजच नव्हती. कोर्टातल्या दृश्यात तो मिनिटामागून मिनिटे बोलत राहतो आणि चित्रपटगृह श्वास रोखून ऐकते, तसे पूर्वी भागवतरांचा आलाप ऐकीत असे. गाणाऱ्यांची सोय आता पार्श्वगायनाने झाली होती. टी. एम. सौंदरराजन् हा तरुण गायक १९५०च्या 'कृष्णविजयम्'मध्ये भागवतरांच्याच ढंगात गात आला. म्हणजे भागवतरांचा गळा तमिळ चित्रपटाला हवा होता. त्याच्याबरोबर येणारे शरीर नको होते.

म्हणून माझे मत असे की खटल्याने भागवतरांचा घात केला तो त्यांना बदनाम करून नव्हे, तर ऐन मोक्याची अडीच वर्षे त्यांना बाहेर ठेवून. मात्र ते बाहेर असते तर बदलले असते, हेही मला पटत नाही. कृष्णन् यांचे हत्यार बोलणे होते आणि बोलण्याचा जमाना आला. भागवतरांकडे गाण्यावाचून दुसरे काही नव्हते आणि ते त्यांनी सोडले नाही. आमच्या एका प्राध्यापकांचे म्हणणे याच्या उलट आहे : तुरुंगातून परतलेल्या माणसात पूर्वीचा आत्मविश्वासच उरला नव्हता आणि तो आवाजातही जाणवतो. 'राजमुक्ती'तील गाणी दोनदा ऐकूनही मला ते जाणवले नाही. सूर पूर्वीइतकाच स्थिर आहे.

शेवटच्या वर्षांत मधुमेहाने त्यांना ग्रासले. चित्रपट मिळेनासे झाले तरी मैफली चालू होत्या आणि तेथे श्रोते येत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी मद्रासच्या सरकारी इस्पितळात त्यांचे निधन झाले. पार्थिव त्रिचनापल्लीस नेण्यात आले. ज्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते, तो 'शिवगामी' पुढल्या वर्षी प्रदर्शित झाला.